ओल्या कचऱ्याची बादली जाते कुठे? इंदूरच्या कचरागाडीचं परीक्षण

फ्लॅटमध्ये राहत असाल तर ओला कचरा निःशंकपणे गाडीला द्या. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामानगरकडे जुन्या प्लॉटवर बसकं घर असेल, मागे एखादा पेरू, कढीपत्ता, चार कुंड्या असतील, तर सुका सगळा गाडीला आणि ओला घरीच जिरवा. निकाल आधीच सांगून टाकला. ज्यांना आकडेमोडीचा कंटाळा आहे त्यांनी इथून उठलं तरी हरकत नाही.

इंदूरच्या सफाईचं कौतुक पुष्कळ झालंय. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून ओळीनं सात वेळा पहिला नंबर, त्यात २०२३ ला सुरत बरोबरीत. पुढच्या खेपेला सतत वर राहणाऱ्या शहरांसाठी वेगळी लीग काढली, तर तिथेही इंदूर वरच. बाहेरगावचे पाहुणे राजवाड्यापासून छप्पन दुकानापर्यंत फिरून येतात आणि म्हणतात, "कागद नाही हो पडलेला कुठे!" खरंच नसतो. पण त्यावरून कचरा नजरेआड झाला इतकंच कळतं. ओढ्यात, रानात, तळ्यात काहीही 'टाकून दिलं' जात नाही. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण असतं. शहरालाही तीच फुटपट्टी लावली, म्हणजे शहर ही एक परिसंस्था धरली, तर गाडीला विचारायचा प्रश्न एकच उरतो: नेलंस ते पोचवलंस कुठे, आणि तिथे ते कोणी खाल्लं?

असा हिशेब नवा नाही. १९६५ मध्ये एबेल वोलमन या अमेरिकी अभियंत्यानं १० लाख वस्तीचं एक काल्पनिक अमेरिकी शहर घेतलं आणि त्याच्या एका दिवसाचा जमाखर्च मांडला. आत येतं ६,२५,००० टन पाणी, ९,५०० टन इंधन, २,००० टन अन्न. बाहेर पडतं ५,००,००० टन सांडपाणी आणि २,००० टन कचरा. पाण्यापुढे बाकी सगळं चिमूटभर. इंदूरची वस्ती त्याहून मोठी, पचनाची तऱ्हा तीच.

आपलं पाणी मुख्यतः जलूदहून येतं, मंडलेश्वरजवळून, सुमारे ७० किलोमीटरवरून, आणि नर्मदेच्या पात्रापासून माळव्याच्या पठारावर ४०० मीटरहून जास्त उचलून. हजार लिटर पाणी ४०० मीटर चढवायला पंप एक थेंबही वाया न घालवणारा असता तरी एक युनिटहून थोडी जास्त वीज लागते; खरे पंप आणि नळातलं घर्षण धरलं तर दीडच्या पुढे. आता गंमत बघा. नर्मदा पश्चिमेला वाहते, अरबी समुद्राला मिळते. तेच पाणी आपल्या मोरीतून, मधल्या शुद्धीकरण केंद्रातून कान्ह नदीत जातं, कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेत, क्षिप्रा चंबळेत, पुढे यमुना आणि गंगा. डाळ धुतलेलं पाणी जायचं होतं भरुचला, निघालं बंगालच्या उपसागराकडे. सिंकखाली उभी असलेली बादली या प्रवासातला फाटा आहे. दुधीच्या साली, कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा, उरलेले पोहे: यात वजनाच्या सत्तर ते ऐंशी टक्के पाणीच असतं. एक किलो ओला कचरा म्हणजे पाऊण लिटर पाणी आणि पाव किलो बाकी. गाडीत आपण जे टाकतो ते प्रामुख्यानं हेच.

उचलण्याच्या कामाला आम्ही पाचपैकी साडेचार देऊ. गाडी दाराशी येते, वेळ बहुतेक ठरलेली असते, ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घरगुती घातक असे सहा वेगळे कप्पे असतात. गाडी भरली की ट्रान्सफर स्टेशनवर जाते, तिथे ओला आणि सुका वेगवेगळा दाबून मोठ्या डब्यांत भरला जातो आणि हुक लोडर तो डबा उचलून देवगुराडियाच्या कचरा केंद्रावर नेतो. छोट्या गाडीनं थेट तिथवर चकरा मारल्या असत्या तर डिझेल आणि वेळ दोन्ही गेलं असतं, म्हणून हा मधला थांबा. अर्धा गुण कापला तो उशिरा घरी येणाऱ्यांसाठी. दोघेही सकाळी कामावर जाणाऱ्या घरात बादली रात्रभर आणि दिवसभर बंद राहते, आणि मग तिचं जे होतं ते गाडीच्या हातात नसतं.

बादलीचं काय होतं? झाकण घट्ट, आत प्लास्टिकची पिशवी, पिशवीला गाठ. हवा संपली की आंबणं सुरू होतं, आम्ल तयार होतं, खाली तपकिरी पाणी साचतं. वास त्या पाण्याचा असतो, कचऱ्याचा नव्हे. उपाय स्वस्त आहे. ८-१० लिटरची बादली घ्या, तळाशी वर्तमानपत्राचे दोन चुरगळलेले कागद किंवा मूठभर सुकी पानं टाका, पिशवी अजिबात लावू नका. साली आधी सिंकमधल्या जाळीत पाच मिनिटं निथळू द्या. चहाचा चोथा एकदा धुऊन पिळा. साखर गेली की मुंग्याही जातात. तळणाचं तेल ना बादलीत, ना मोरीत, बाटलीत साठवा. मोरीत ओतलेलं तेल थंड होऊन नळीच्या आतल्या बाजूला थर धरतं आणि पुढे त्याला डाळीचे कण चिकटतात. निथळलेली बादली एका आठवड्यात हलकी वाटायला लागते. तुमच्या हाताला वाटतो तो फरक डबे वाहणाऱ्या गाडीलाही लागतो.

वर्गीकरणाच्या सूचनांना तीनच गुण. सहा कप्पे सांगितले जातात, कारणं सांगितली जात नाहीत, आणि कारण कळल्याशिवाय माणूस नियम अर्धाच पाळतो. सांची दुधाच्या पिशवीचं घ्या. कोपरा पूर्ण कापला की तो बोटभर तुकडा कुठे तरी उडतो, ओल्यात पडतो, चाळणीतूनही निसटतो आणि शेवटी खतात निघतो. कोपरा अर्धवट कापा, लटकता राहू द्या, पिशवी विसळून वाळवा. शेवेचं चकचकीत पाकीट मात्र प्लास्टिकच्या कप्प्यात गेलं तरी त्याचं फारसं भलं होत नाही. ते थरांथरांचं असतं, थर सुटे करणं परवडत नाही. फुटलेली काच पुठ्ठ्यात गुंडाळून वर ठळक 'काच' लिहा. पुढे सरकत्या पट्ट्यावर कचरा हातानं निवडणारी माणसं असतात. रानात विघटनाचं काम बुरशी आणि किडे करतात. शहरात त्या साखळीतली पहिली पायरी हातमोजे घातलेल्या बायका चालवतात, आणि हातमोजा काचेला पुरत नाही.

आता देवगुराडियाकडे. जुन्या लोकांना हे नाव डोंगराएवढ्या उकिरड्यामुळे माहीत. सुमारे १३ लाख टन साठलेला कचरा चाळून, निवडून तो उकिरडा हटवला गेला. १९ फेब्रुवारी २०२२ ला तिथेच ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा प्रकल्प सुरू झाला: क्षमता दिवसाला ५५० टन कचरा, त्यातून सुमारे १७,००० किलो सीएनजी आणि १०० टन खत. भागाकार करा. एक टन ओल्या कचऱ्यामागे साधारण ३१ किलो सीएनजी, म्हणजे किलोमागे ३१ ग्रॅम. चार माणसांच्या घरातून रोज एक किलो ओला कचरा निघतो असं धरलं तर महिनाभराच्या बादल्यांतून एक किलोला थोडा कमी गॅस. सीएनजीची सिटी बस किलोत तीनेक किलोमीटर जाते. तुमच्या घरचा महिनाभराचा ओला कचरा एक बस राजवाड्याहून निघून दोन-चार थांब्यांपलीकडे नेतो. ऐकायला थोडकं वाटेल, पण हाच कचरा उकिरड्यावर कुजला असता तर तोच मिथेन हवेत गेला असता, आणि शंभर वर्षांच्या हिशेबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीसपट तापवतो. म्हणून फ्लॅटवाल्यांनी गाडीला द्यावं, असं वर म्हटलं.

प्रकल्पाच्या पोटाचे नखरे मात्र समजून घ्यायला हवेत. कचरा कुस्करून त्याची पातळ कढी केली जाते आणि हवाबंद टाकीत, कोमट तापमानाला, तीन-चार आठवडे जिवाणूंच्या हवाली केली जाते. जिवाणूंच्या दोन टोळ्या. पहिली अन्न फोडून आम्लं करते, ती झपाट्यानं वाढते. दुसरी त्या आम्लांचा मिथेन करते, ती संथ आणि नाजूक. लग्नसराईत एकदम श्रीखंड, गुलाबजाम, भात असा गोड-पिठूळ माल वाढला की पहिली टोळी सुसाट सुटते, आम्ल साचतं, पीएच साडेसहाच्या खाली घसरतो आणि दुसरी टोळी संपावर जाते. अजीर्णच ते. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं तेलही तिला सोसत नाही; घरच्या चार साली चालतात, रसवंतीचं पोतं चालत नाही. फिनेल, ब्लीचिंग सांडलेली बादली तर उघडउघड विष. आणि आंब्याच्या कोयी, नारळाच्या करवंट्या, हाडं, दाणे काढलेली कणसं यांचं हवेविना फारसं काही होत नाही. सराफ्याच्या खाऊगल्लीत पावसाळ्याच्या रात्री भुट्ट्याचा कीस किती खपतो ते आठवा. तेवढी कणसं दुसऱ्या दिवशी कुठे तरी जातातच.

पाण्याच्या बाबतीत प्रकल्पाची बाजूही मांडायला हवी. कढी करायला पाणी लागतंच, त्यामुळे सालीतलं पाणी तिथे अगदीच वाया जात नाही. पण ५५० टन क्षमतेचा माल धरला तर त्यात ४०० टनांच्या आसपास नुसतं पाणी आहे, आणि ते चाकांवरून येतं. टाकीतून निघालेलं पाणी पुन्हा शुद्ध करावं लागतं, तो खर्च निराळा. बादली निथळण्यावर वर एवढा जोर दिला तो याचसाठी.

सगळ्यात कमी गुण, अडीच, चक्र पूर्ण होण्याला. नत्र, स्फुरद, पालाश आले कुठून? सांवेर, देपालपूर, महूकडच्या शेतांतून, भाजीच्या जुडीतून आणि गव्हाच्या पोत्यातून. परत जायला हवेत तिकडेच. इथे शेतकऱ्याचं गणित आडवं येतं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असतं. शहरी खतात एक टक्का नत्र धरलं तर तेवढ्यासाठी दोन टन खत न्यावं लागेल: एकीकडे मोटारसायकलवर येणारी गोणी, दुसरीकडे ट्रॉली, मजूर आणि डिझेल. खतानं जमिनीचा पोत सुधारतो, पाणी धरून ठेवतं, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. त्याचा प्रश्न साधा असतो, "काच निघणार नाही ना?" त्या प्रश्नाचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात ठरतं, देवगुराडियाला नाही.

उकिरडे उठल्याचे परिणाम कचऱ्यापुरते नसतात. कोपऱ्यावरची कचरापेटी म्हणजे डुक्कर, कुत्री, गायी, कावळे, घारी यांचं पानच होतं. पान उचललं की पंगत हलते. गल्लीत गायी दिसेनाशा झाल्या आणि गोग्रासाची पोळी बादलीत जायला लागली, हा बदल कुठल्याही अहवालात सापडणार नाही, पण बादलीत दिसतो. कुत्री राहिली, कारण त्यांना माणसं हातानं घालतात. भंगारवालाही राहिला, कारण रद्दी, पत्रा, तांब्याची तार त्याच्याइतकं चोख दुसरं कोणी वेगळं करत नाही. १९२० च्या दशकात शिकागोत रॉबर्ट पार्क, अर्नेस्ट बर्जेस या समाजशास्त्रज्ञांनी वनस्पतिशास्त्रातले शब्द घेऊन शहर वाचायला सुरुवात केली: कोण कुठली जागा धरतो, कोण कोणाला हटवतो. त्यांच्यावरचा आक्षेपही योग्यच आहे. झाड आपली जागा हुकमानं सोडत नाही, माणसाला मात्र सोडावी लागते. पेटीवर जगणाऱ्या कचरावेचकाला पट्ट्यावर काम मिळालं तर परिसंस्था सुधारली म्हणायचं. नाही मिळालं तर कचऱ्याबरोबर त्याचीही पेटी उचलली गेली.

आणि हे सगळं इंदूरला शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नव्हती, कारण येणारे शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेले. पॅट्रिक गेडिस मूळचा जीवशास्त्रज्ञ. होळकर दरबारासाठी त्यानं केलेला नगररचनेचा अहवाल १९१८ चा. प्लेगच्या दिवसांत त्यानं दिवाळीची मिरवणूक काढली आणि जाहीर केलं, की ती नेहमीच्या रस्त्यानं न जाता ज्या वस्त्या जास्तीत जास्त घरं साफ करतील तिथूनच जाईल. लोकांनी घरं धुऊन काढली. पाठोपाठ इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड. १९२४ ते १९३१ या काळात आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी असलेल्या संस्थेत त्यानं यशवंत वाड यांच्यासोबत शेतातला पालापाचोळा, शेण, गोमूत्राची माती आणि राख यांचं खत करायची पद्धत बसवली. जगभर तिला 'इंदूर पद्धत' म्हणतात. इंदुरातच ती फारशी कोणाला ठाऊक नाही, हे आपलं खास.

अंगणवाल्यांसाठी तीच पद्धत ड्रमात उतरवता येते. मूळ पद्धत खड्ड्याची: साधारण एक मीटर खोल, दीड-दोन मीटर रुंद, पंधरा दिवसांनी पहिली पलटी, आणखी पंधरानं दुसरी, त्यानंतर महिन्यानं तिसरी, आणि तीनेक महिन्यांत खत तयार. घरी चार माणसांसाठी १०० लिटरचे दोन ड्रम पुरतात, एक भरायचा, एक मुरवायचा. बाजूंना आणि तळाला वीतभर अंतरानं ८-१० मिलिमीटरची भोकं पाडा. दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. तळाशी चार बोटं नारळाच्या शेंड्या, त्यावर सुक्या पानांचा तेवढाच थर, त्यावर एक तगारी जुनं खत किंवा शेणकाला. मग रोज ओल्या कचऱ्याचा थर आणि त्यावर तितकीच, शक्यतो थोडी जास्त, चुरलेली सुकी पानं. हे माप आकारमानाचं आहे, वजनाचं नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. किलोभर साली आणि किलोभर पानं घातली तर ड्रम आठवड्यात भरेल आणि काहीच कुजणार नाही. स्वयंपाकघरातल्या मालात कार्बन-नत्राचं प्रमाण पंधरा-वीसला एक असतं, पानांत पन्नासच्या पुढे. जिवाणूंना हवं पंचवीस-तीस. दर चौथ्या दिवशी काठीनं खालपर्यंत ढवळा.

ओल तपासायची तर मूठभर घेऊन पिळा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर पानं वाढवा, मूठ उघडताच भुसभुशीत पडलं तर पाणी शिंपडा. अमोनियाचा, म्हणजे जुन्या मुतारीसारखा वास आला तर नत्र जास्त झालं, पानं कमी पडली. कुजक्या अंड्याचा वास आला तर हवा कोंडली, ढवळा. मुंग्या लागल्या म्हणजे कोरडं पडलंय. राखाडी-पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या की घरात आरडाओरडा होतो, पण त्या काळ्या सोल्जर माशीच्या असतात, चावत नाहीत, उलट कचरा फस्त करतात. त्या आल्या म्हणजे ओल वाढली एवढं समजा. ड्रमाचा एक दोष मान्य करायला हवा. ढीग घनमीटरच्या खाली असला की आतली ऊब टिकत नाही, साठ अंशांपर्यंत क्वचितच जाते. त्यामुळे टोमॅटो, भोपळ्याच्या बिया मरत नाहीत आणि खत घातलेल्या कुंडीत कढीपत्त्याशेजारी भोपळा उगवतो. शिजलेलं अन्न थोडं चालतं, तेलकट भाजी, मासळी, मटणाची हाडं नको; ती गाडीलाच द्या. महिन्याला ३० किलो ओला कचरा घातला तर खत त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकं मिळतं.

मे महिन्यात ड्रम सावलीत हलवा आणि दिवसाआड पाण्याचा हबका मारा, नाहीतर वरचा अर्धा भाग नुसता वाळून राहतो. पावसाळ्यात वर पत्रा टाका, पण ड्रमाचं तोंड आवळू नका, चार बोटं फट राहू द्या. आणि पानं गोळा करायची ती फाल्गुन-चैत्रातच, झाडं झडत असताना. चार महिन्यांच्या पावसाळ्याला दबवून भरलेली तीन मोठी पोती लागतात, उंदीर शिरणार नाहीत अशी उंचावर ठेवलेली. श्रावणात एक कोरडं पान मागून मिळत नाही.